नखावरचा थेंब

मुलगी झाली आणि मला ताप भरला. तापात दूध आटलं, ते परत आलंच नाही. पावडरचा डबा तालुक्याला, जोयड्यालाच मिळायचा आणि पावसात आमच्या वाडीवर जीप येईल याचा नेम नसायचा. म्हणून घरच्या शेळीचं दूध सुरू केलं.

शेळी पाल्यावर जगणारी. पावसातला पाला पाणीदार, तसंच दूधही पातळ, निळसर. मुलगी पिऊन झालं तरी रडायची. अंगणवाडीच्या बाईंनी तिला काट्याला टांगलं आणि म्हणाल्या, "मागच्या खेपेला होती तेवढीच हाय गं ही."

मग माझे मालक जोयड्याला गुरांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, नुसत्या पाल्यावर दूध सुधारणार नाही. शेंगदाण्याची पेंड भिजवून घाला, आधी मूठभर, मग हळूहळू वाढवा. वर थोडी मिनरल पावडर. वाळला चारा मात्र रोज घाला, तो कमी पडला तर दुधाला साय धरणार नाही. मालकांनी पेंडीचं पोतं खांद्यावर घेऊन जंगलातून चालत आणलं.

थोड्याच दिवसांत फरक दिसला. दूध पांढरं झालं, तापवल्यावर साय येऊ लागली. आता पोरगी अंग धरेल असं मला वाटलं.

दूध तयार करायचं काम सासूबाईंचं. त्यांना मी आत्या म्हणते. आमच्याकडे तान्ह्या पोराचं दूध नखावर बघतात. अंगठ्याच्या नखावर एक थेंब सोडायचा. घसरला तर पोराला पचेल, थांबला तर जड. आत्यांनी आपली सगळी पोरं अशीच वाढवलेली. आता थेंब थांबायला लागला, तशा त्या तांब्यातलं पाणी घालायच्या. परत थेंब, परत पाणी. थेंब पळेपर्यंत.

मी बाजेवरून हे रोज बघत होते. एक दिवस म्हटलं, "आत्या, पाणी जास्ती होतंय."

"चौथी शिकून डाक्टरीण झालीस व्हय?" त्या म्हणाल्या. "थेंब बघ की. पळतोय न्हवं?"

मालक दारात बसून हसले.

"मग पेंड कशाला आणली?" मी हळू विचारलं.

"शेळीला आणली. पोरीला न्हाई," आत्या म्हणाल्या.

अंगणवाडीच्या बाई परत आल्या. काटा बघून त्यांनी विचारलं, "दूध कसलं देताय?"

"घट्ट हाय, बाई. एवढी साय येतीय," आत्यांनी सांगितलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. मी म्हटलं, "पाणी घालतात." पण माझा आवाज मुळातच बारीक, त्यात पोरगी रडत होती. बाई म्हणाल्या, दवाखान्यात दाखवा, उशीर करू नका.

जीप ठरवली. त्या दिवशी वाटेत झाड पडलं होतं म्हणून ती आली नाही. रात्रीपासून पोरीला जुलाब लागले. अंगात काही नव्हतंच तिच्या. दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाला, जीप दारात येऊन उभी राहिली, तेव्हा ती माझ्या मांडीवर गार झाली होती.

"देवानं नेली," आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

पण शेळीला ते काय कळणार. तिचं करडू आधीच मेलेलं. पिळलं नाही तर कास तटायची. आत्या सवयीनं भांडं घेऊन बसायच्या. सुतकातलीच एक सकाळ. धार काढून झाली, तांब्या शेजारी होता. त्यांनी नखावर थेंब घेतला. थेंब हलला नाही. नख तिरकं केलं तरी तिथंच. आत्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग नख लुगड्याला पुसलं.

"पेंड हाय अजून?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"हाय," मी म्हटलं.

त्यांनी तांब्या उचलला आणि त्यातलं पाणी अंगणात ओतून दिलं.