प्रार्थनेतला खोकला

नवऱ्याच्या पोस्ट-डॉकमुळे आम्ही तेव्हा अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात राहत होतो. मी नागपूरची एमबीबीएस, पण आले नवऱ्याच्या व्हिसावर, त्यामुळे इथे कुणाची नाडी बघायचीही मला परवानगी नव्हती. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा जवळच्या गावातल्या एका लहानशा म्युझियममध्ये फुकट काम करायला लागले. एकोणिसाव्या शतकात तिथे मुलांची ट्रेनिंग स्कूल होती. अनाथ, भटकी, कोर्टाने पाठवलेली मुलं तिथे जोडे शिवायला आणि शेती करायला शिकत. बाकी सगळं कधीच पाडलं होतं, दगडी आजारघर तेवढं उरलं होतं. अमेरिकेत मला मिळालेला दवाखाना तो एवढाच, आणि त्यातले सगळे पेशंट केव्हाच मरून गेलेले.

मी लोकांना खोल्या दाखवायची. लोखंडी पलंग, एरंडेलाची बाटली, सगळी तोंडं पुसायच्या एकुलत्या एका टॉवेलाची खुंटी. डॉक्टर कधीमधी येई. रोज जीभ, घसा, डोळे बघायची ती मेट्रन. ज्याला खोकला सापडे, त्याची रवानगी मागच्या खोलीत. तिच्या दाराला एक काच होती आणि जेवण उंबऱ्याशी ठेवलं जाई. तिथून परतलेली मुलं थोडी. म्हणून मुलं खोकला लपवत, असं मला म्युझियम चालवणाऱ्या बाईंनी शिकवलं होतं आणि मी ते पोपटासारखं म्हणायची. कसा लपवत, ते मात्र कुणी विचारलं नाही आणि मलाही माहीत नव्हतं.

मला सातवा महिना होता तेव्हा बाबा आले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, भाऊ नोकरीला दुसऱ्या गावी, तेव्हा माहेर म्हणजे आता एकटे बाबा. मी जाऊ शकत नव्हते म्हणून माहेरच विमानात बसून आलं. बॅगेत डिंक, आळीव, खारका. शेजारच्या काकूंकडून ते लाडू वळायला शिकून आले होते. सगळी नोकरी मुलांच्या वसतिगृहाचे रेक्टर म्हणून काढलेला माणूस, पाक कसा तपासायचा हे मला ऐटीत सांगत होता. मला हसू येत होतं आणि रडूही.

एका शनिवारी त्यांना म्युझियम दाखवायला नेलं. काचेच्या दाराशी ते बराच वेळ थांबले. मी माझं पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

"प्रार्थनेत खोकत असतील," बाबा म्हणाले. "सगळी पोरं ओरडून गात असतात, ऐकू कुणाला येतं? आमची पोरं हेच करायची. गॅदरिंग चुकू नये म्हणून, खोकला झाला की प्रार्थनेला पहिल्या रांगेत."

मी ते इंग्रजीत सांगितलं. म्युझियमच्या बाई खूश झाल्या. पुढच्या फेरीपासून मी ते वाक्यही म्हणायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. चटणी मीच वाटणार, हा बाबांचा आल्यापासूनचा हट्ट. मी पाणी प्यायला गेले तर ते पाठमोरे ओट्यावर वाकलेले, खांदे गदगदा हलत होते. मिक्सरच्या भांड्यात काहीच नव्हतं.

मी बटण बंद केलं. खोकला थांबला नव्हता, तो तेवढा आता ऐकू आला.

"कधीपासून आहे?"

"नागपूरपासून," ते म्हणाले. मग खाली बघत, "तुझ्या आईच्या जागी आलोय मी. आजारी माणसाला बाळंतपणाला कोण बोलावतं, बेटा?"

टीबी निघाला. माझ्या तपासण्या झाल्या, मी वाचले. नवरा भडकला आणि त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना. त्याने डिंक, आळीव, लाडू सगळं गुपचूप कचऱ्यात टाकलं. अन्नातून टीबी पसरत नाही हे मी त्याला सांगितलं, पण डबा काही परत काढून आणला नाही. बाबा मागच्या बेडरूममध्ये राहायला गेले. मी ताट दाराशी ठेवायची आणि दोन पावलं मागे सरायची. आरोग्य खात्याची नर्स यायची, समोर गोळ्या गिळायला लावायची आणि तोंड उघडून जीभ वर करायला सांगायची. वसतिगृहात पोरांना कुनैन देऊन बाबा हेच करायचे. आता ते निमूटपणे आ करत.

मुलीला घरी आणलं तेव्हा ते कोट घालून बाहेर बाल्कनीत उभे राहिले आणि मी काचेच्या आतून तिला वर धरलं. काही दिवसांनी नर्सने सांगितलं, आता धोका नाही, बाळाला खुशाल घ्या. मीही रिपोर्ट वाचून तेच सांगितलं. ते तयार होईनात. मी चिडले, रडले, तेव्हा म्हणाले, "डॉक्टर तू आहेस, रेक्टर मी आहे. 'बरा आहे' म्हणून हॉलमध्ये परत पाठवलेलं पोर मी पाहिलंय. मग दुसरी दोन आजारी पडली."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, सगळं वैद्यकशास्त्र होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

व्हिसा संपत आला आणि उरलेल्या गोळ्या घेऊन ते परत निघाले. विमानतळावर मी बाळ पुढे केलं. ते दोन पावलं मागे सरले, लांबूनच तिच्यावरून हात ओवाळले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. आई घ्यायची तशी अलाबला.

वर्षभराने बाबा हृदयविकाराने गेले. माझ्या सांगण्यावरून भावाने त्यांचा शेवटचा एक्स-रे पाठवला. मुलगी पायाशी खेळत होती. मी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि त्यांचं ते मागे सरणं बरोबर ठरवणारा एखादा तरी डाग सापडतो का, ते शोधत राहिले. फुफ्फुसं स्वच्छ होती.