सुई बदलली, सिरिंज तीच

आसराबाईचे डोळे पिवळेजर्द झाले होते. महिन्याभरात आमच्याकडे आलेली ही सहावी कावीळ.

शेवगाव तालुक्यातल्या एका दवाखान्यात मी नर्स होते. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. कावीळ आम्हाला नवी नव्हती. पाणी खराब झालं की एकेका घरातले दोघंतिघं आजारी पडायचे, त्यातही मुलं जास्त. म्हणून मी नेहमीचे प्रश्न विचारले.

"घरात आणखी कुणाला झालीय?"

"न्हाई बाई, मला एकटीलाच."

"पाणी कुठलं पिता?"

"मळ्यातल्या हिरीचं. समदेच पित्यात." मग ती कुरकुरली, "तुमच्याकडं ताकदीच्या सुया घेतल्या, तरी ही गत झाली बगा."

ताकदीची सुई म्हणजे शिरेतून दिलेलं कॅल्शियमचं इंजेक्शन. ते देताना अंगभर ऊब पसरते. पेशंटला वाटतं, ताकद आली. तशी काही येत नाही. पण बाजारच्या दिवशी त्यासाठी रांग लागायची.

दुपारी मी रजिस्टर काढलं. सहाही जण वेगवेगळ्या गावचे. सगळी मोठी माणसं. आणि सगळ्यांनी अडीच-तीन महिन्यांपूर्वी आमच्याकडेच ती सुई घेतलेली.

रजिस्टर डॉक्टर काकड्यांपुढे ठेवलं. त्यांना ते आवडलं नाही.

"सिस्टर, आपण प्रत्येकाला उकळलेली सुई लावतो."

"सुई बदलतो. सिरिंज तीच असते."

युद्धामुळे काचेच्या सिरिंजा तेव्हा सहज मिळत नव्हत्या. आमच्याकडे दोनच होत्या. सकाळी उकळायच्या आणि दिवसभर वापरायच्या.

"सिरिंज कुणाच्या अंगात जात नाही," डॉक्टर म्हणाले.

"रक्त सिरिंजमध्ये येतं."

सुई शिरेत बसली का, हे बघायला दट्ट्या जरासा मागे ओढतात. थोडं रक्त आत दिसलं की औषध सोडायचं. तो रक्ताचा अंश आत राहिला तर पुढच्या पेशंटला जातो. मी लाल शाई आणली. थोडी सिरिंजमध्ये ओढली, बाहेर टाकली, नवी सुई लावली. स्वच्छ पाणी भरून पांढऱ्या ट्रेमध्ये सोडलं. पाणी गुलाबी पडलं.

"पुन्हा करा," डॉक्टर म्हणाले.

पुन्हा केलं. थोडं फिकं, पण गुलाबीच.

ताकदीच्या सुया त्या दिवसापासून बंद झाल्या. बाकी इंजेक्शनांना दर पेशंटमागे सिरिंज वीस मिनिटं उकळायची असं ठरलं. काम रखडायचं, लोक चिडायचे. तरी नवे पिवळे पेशंट येतच राहिले. ही कावीळ अंगात शिरल्यावर दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त, गप्प बसते. आम्ही चूक थांबवली होती, पण झालेली चूक अजून वाटेत होती.

औषध नव्हतं. विश्रांती, ग्लुकोज, हलकं जेवण, एवढंच. बहुतेक जण दीड-दोन महिन्यांत बरे झाले. आसराबाईही झाली. ती सुई घेतलेले शाळेतले एक गुरुजी मात्र बरळायला लागले, मग बेशुद्ध झाले, आणि चौथ्या दिवशी गेले.

दहावा झाल्यावर डॉक्टर त्यांच्या घरी निघाले. मलाही या म्हणाले. गुरुजींच्या पत्नीला त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. सुई, सिरिंज, रक्त.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमी सांगितलं नसतं तर मला कळलंबी नसतं."

"म्हणूनच आलो," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. आम्ही परत आलो.

पाच-सहा महिन्यांनी अशी कावीळ यायची थांबली. बाजारच्या दिवशीची रांग आमच्याकडे केव्हाच थांबली होती. ती आता गावातल्या दुसऱ्या डॉक्टरकडे लागायची. डॉक्टर काकडे त्यांनाही जाऊन सिरिंजचं सांगून आले. त्या डॉक्टरांनी चहा पाजला आणि विषय बदलला.

आता या आजाराला हिपॅटायटिस बी म्हणतात. रक्ताची तपासणी आहे, लस आहे, ज्यांच्या अंगात तो ठाण मांडतो त्यांच्यासाठी गोळ्या आहेत. पुढे मी नर्सेसना शिकवायला लागले, तेव्हा हे सगळं पुस्तकात नव्हतं. मी एवढंच सांगायचे : आजार कुठून आला हे शोधताना पहिला संशय स्वतःच्या टेबलावर घ्या, विहीर नंतर बघा.