धनसिंगाचं पान

खेमराज रहांगडाले गुरुजींचं पुस्तक छापून आलं आणि त्या दिवसापासून गुरुजींची झोप उडाली. अकरा वर्षं या माणसाला एकच वेड होतं: १७७५ सालची पाचगावची लढाई. नागपूरकर भोसल्यांच्या घरातच तलवारी उपसल्या गेल्या, भाऊ भावावर चालून गेला आणि एक भाऊ तिथंच पडला. गोरेगावच्या बाजारात लोक भाजी घ्यायला जातात, हे महाशय जुने कागद हुंगत फिरायचे. बायको फुलवंताबाई करवादायची, "त्या भोसल्यायचं भांडण केव्हाचंच मिटलं, तुमचं कधी मिटते?"

पण झोप उडवली ती एकशे बाराव्या पानानं. रहांगडाल्यांच्या घरी दसऱ्याला एक जुनी तलवार पुजतात. मूळपुरुष धनसिंग ती घेऊन पाचगावला शेवटपर्यंत लढला, असं थोरले भाऊ भुवनेश्वर दरवर्षी छाती फुगवून सांगत. वंशावळ राखणाऱ्या भाटाच्या वहीत मात्र गुरुजींना भलतंच सापडलं. धनसिंग ऐन लढाईत घोडा टाकून पळाला होता! गुरुजींनी दुसऱ्या भाटाची वही धुंडाळली. तिथंही तेच निघालं, आणि त्यांनी ते तसंच छापलं.

छापायची हिंमत होती, भावाला सांगायची नव्हती. वडील गेले तेव्हा भुवनेश्वर तेरा वर्षांचे. शाळा कधी पाहिलीच नव्हती; त्यांनी नांगर धरला आणि धाकट्याला मास्तर केलं. अशा माणसाचा एकुलता एक अभिमान आपण मोडला, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? गुरुजींना आधार एवढाच, की दादाला वाचता येत नाही. नव्व्याण्णव साली गुरुजी गावात साक्षरतेचा वर्ग चालवत, तेव्हा दादा पाटी घेऊन आठ दिवस येऊन बसले होते. मग धानाच्या रोवणीचं निमित्त सांगून गेले ते फिरकलेच नाहीत.

२०१० चा दसरा उजाडला. ओसरीवर सारी भावकी जमली. तलवारीला हळदकुंकू वाहून झालं आणि भुवनेश्वरांनी शेजारी ठेवलेलं पुस्तक उचलून भावाच्या हातात दिलं. महिनाभर ते दादांच्याच घरी होतं.

"वाच खेमा, आपल्या धनसिंगाचं वाच. समद्यायले आयकू दे."

गुरुजींनी पुस्तक मांडीवर मिटूनच ठेवलं. "दादा, जेवणं झाल्यावर वाचतो ना."

"काऊन? जेवण कुठं चाललं?"

पान उघडलं. अक्षरं ढळढळीत समोर होती, आणि समोर दादाही होता. गुरुजींची जीभ भलतीकडेच वळली. "धनसिंग... अखेरपर्यंत रणात पाय रोवून उभा राहिला."

"वा रे वा!" चुलतभाऊ हिरालालनं मिशीवर ताव दिला. गुरुजींना मात्र स्वतःचीच किळस आली. अकरा वर्षं खरं शोधलं आणि एका दमात खोटं बोलून मोकळे झाले.

भुवनेश्वर हसले नाहीत. त्यांनी पुस्तक ओढून घेतलं, चष्मा चढवला आणि जाडजूड बोट ओळीवर ठेवलं.

"धन...सिंग... घोडा... टा...कून... प...ळा...ला."

धरणीनं पोटात घ्यावं, असं गुरुजींना झालं.

"दादा, तुले वाचता येते?"

"लहान भावापुढं चुकत बसाची लाज वाटे, म्हणून वर्ग सोडला. पाटी नाही सोडली." भुवनेश्वरांचा आवाज चढला. "महिना लागला हे वाचाले. या पानावर चार दिवस अडलो. लय राग आला तुया. मंग म्हटलं, पोरानं खरं लिवलं, मले भेला नाही. अन् आज भेलास?"

भुवनेश्वरांनी चष्मा काढला.

"धनसिंग पळाला म्हणून जगला, जगला म्हणून आपण आहो. पण तू कायले पळून राहिला बे?"

त्यांनी पुस्तक पुन्हा भावाच्या हातात कोंबलं. गुरुजींनी डोळे पुसले. मग ते उभे राहिले आणि जसं छापलं होतं तसं, पहिल्या ओळीपासून ते पान वाचू लागले.