कापडी कपाटातला वाल

बायको गेल्यानंतर दोन महिन्यांनी मी तिचं वालाचं बी शोधायला काढलं. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, बिस्किटाच्या जुन्या डब्यात राखेत पुरून ठेवलेलं ते सापडलं. तिच्या आजारपणाची दोन वर्षं ते पेरलं गेलं नव्हतं, आणि राख असूनही टोक्यांनी, दाणे पोखरणाऱ्या त्या किड्यांनी, आपलं काम केलं होतं. दाणा उचलला की बोटाला पीठ लागायचं. डबा ताटात उपडा केला, चष्मा लावला, एकेक दाणा खिडकीशी धरून पाहिला. बिनछिद्राचे सात निघाले.

हा वाल तिनं माहेरून, नाचणगावहून आणला होता. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तिनं तो माझ्या क्वार्टरच्या तारेच्या कुंपणावर चढवला. पुढं जिथं जिथं माझी बदली झाली तिथं तिथं बी सोबत आलं. सामान हलवताना भांडी मागं राहिली, आरसा फुटला, पण बी ती कधी विसरली नाही. तिच्या माहेरी आता वाल उरलेला नाही. वावरात सोयाबीन आणि कपाशी, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तणनाशक. धुऱ्यावरचा वेल त्यात कधीच जळून गेला. म्हणजे तिचा वाल कुठं असलाच तर तो माझ्या ताटातल्या सात दाण्यांत होता. ते गेले की संपलं. हे कळल्यावर मी ताट आधी जमिनीवर ठेवलं, एकही दाणा सांडू नये म्हणून.

निवृत्तीनंतर आम्ही पिपरी मेघेला पहिल्या मजल्यावर घर घेतलं. अंगण नाही. गच्ची आहे, पण तिच्यावर वानरांचं राज्य. हे ठाऊक असूनही मी चार दाणे गच्चीवर कुंड्यांत लावले आणि वरून जाळी बांधली. वेल वीतभर झाले असतील, एका दुपारी टोळी आली. जाळी फाडली, चारही रोपं उपटली, आणि त्यातलं एक थोराड वानर पाण्याच्या टाकीवर बसून माझ्याकडं बघत कोवळी पानं खात राहिलं. मी त्याला आयुष्यात शिकलेल्या सगळ्या शिव्या दिल्या. चप्पल फेकली, ती शेजाऱ्यांच्या गच्चीवर पडली.

तीन दाणे राहिले. ते घरातच लावायचे, दार लावून, असं मी ठरवलं. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, घरात झाडं लावायचा तयार तंबू मिळतो, लाइटसकट. मी मागवते." मला राग आला. वीज खात्यात चौतीस वर्षं लाइनमन होतो मी. तिला म्हटलं, "तुह्या बापानं अर्ध्या जिल्ह्याले लाइट देल्ली. आता तीन दाण्यासाठी लाइट इकत आनू का?"

तंबू घरातच होता. बायकोच्या साड्या ज्यात टांगलेल्या असायच्या ते कापडी कपाट, लोखंडी नळ्यांचं, समोर चेन असलेलं. तेरवीनंतर साड्या नात्यातल्या बायकांना वाटून दिल्या तेव्हापासून ते रिकामं उभं होतं. मधले कप्पे काढले. उजेड वाया जाऊ नये म्हणून आतून चारही बाजूंना चंदेरी कागद चिकटवला. खाली रंगाची रिकामी बादली ठेवली, तिला बुडाशी भोकं पाडली, काळ्या मातीत वाळू आणि शेणखत मिसळून भरली. काळी माती एकटी घातली असती तर बादलीत दगड झाला असता, एवढी शेती मला येत होती.

दिव्यासाठी मी गल्लीतून बंद पडलेले एलईडी बल्ब मागून आणले. लोकांनी आनंदानं दिले, एकीनं तर फुटका मिक्सरही दिला. एलईडीचा बल्ब सहसा अख्खा मरत नाही. वरचं टोपण काढलं की आत अ‍ॅल्युमिनियमची चकती दिसते, तिच्यावर पिवळे ठिपके, आणि एखाद्या ठिपक्यावर टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग. मेलेला तोच असतो, आणि त्याच्यामुळं बाकीचे अंधारात बसतात. त्या डागावर सोल्डरचा थेंब टाकून वाट जोडून दिली की उरलेले पेटतात. तीन दिवस हेच केलं. डोळे पहिल्यासारखे नाहीत, दोनदा बोट भाजलं, पण अकरा चकत्या जिवंत झाल्या. सरकत्या खिडकीच्या पट्टीचा तुकडा आणून त्या त्याच्यावर ओळीनं बसवल्या, म्हणजे उष्णता पट्टी ओढून घेते. पट्टीला अर्थिंग केलं, खालून प्लॅस्टिकचा पारदर्शक पत्रा लावला. त्या उघड्या चकत्यांत घरातला पूर्ण करंट खेळतो. खांबावर जन्म गेला म्हणून मी हे केलं, दुसऱ्या कोणी करू नये. झाडाला तांबडा उजेडही लागतो असं मोबाइलवर पाहिलं होतं, म्हणून गणपतीच्या सजावटीतले चार लाल बल्ब मध्ये घातले. वारा खेळता राहावा म्हणून जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला.

बटण दाबलं आणि कपाट पेटलं. कित्येक दिवसांनी मला काहीतरी जमल्यासारखं वाटलं.

कपाट मी समोरच्या खोलीतल्या कोपऱ्यात ठेवलं. तिथं तिची खाट होती. आमच्याकडं माणूस गेलं की जिथं त्यानं शेवटचा श्वास घेतला तिथं पिठावर दिवा ठेवतात, आणि तेरवीपर्यंत तो विझू द्यायचा नसतो. तेरा दिवस मी त्या दिव्याची राखण केली. वात सरकवत होतो, तेल घालत होतो, पंखा लावू देत नव्हतो. मे महिन्यातल्या वर्ध्याच्या उन्हात पाहुणे घामानं निथळत बसले. तेरवी झाल्यावर दिवा उचलला, आणि त्या कोपऱ्याकडं बघवेना. आता तिथं पुन्हा उजेड आला होता.

तीनपैकी दोन दाणे उगवले. तिसरा आतून पोकळ निघाला. उगवलेल्या दोघांना मी काही कमी पडू दिलं नाही. दिवसरात्र दिवा चालू ठेवला. आमच्या भागात लाइट गेली तर म्हणून तंबू इन्व्हर्टरवर घेतला, स्वतःचा पंखा मात्र घेतला नाही. पूर्ण गल्ली अंधारात असली तरी माझ्या खिडकीतून गुलाबी उजेड बाहेर पडायचा. खालचा भाडेकरू म्हणाला, "काका, डिस्को चालू केला का जी?" मी हसलो. खरं सांगायचं तर तो दिवा मला बंद करावासा वाटतच नव्हता. झाडासाठी चालू आहे असं म्हणायची सोय होती, एवढंच.

वेल झपाट्यानं वाढले. सुतळ्या बांधल्या, त्यांवरून ते वर गेले, छताला टेकले, वळून खाली आले. दसऱ्यापर्यंत कपाटात हात घालायला जागा नव्हती. पानं तळहाताएवढी, हिरवीगार. देवळीकडून भाजी घेऊन येणाऱ्या बाईच्या टोपलीत वालाच्या पहिल्या शेंगा दिसायला लागल्या. माझ्या वेलाला कळीसुद्धा नव्हती. मी खत वाढवलं. दोन चकत्या आणखी लावल्या. पानं आणखी मोठी झाली.

दिवाळीला सासूबाई आल्या. मी त्यांना मामी म्हणतो. दुःखातला पहिला सण घरच्यांनी करायचा नसतो, नातेवाइकांनी डबा घेऊन येऊन तोंड गोड करायचं असतं. त्यासाठी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्या नाचणगावहून मुलाच्या गाडीवर बसून आल्या होत्या. मुलगा त्यांना सोडून बाजारात गेला. मी चहा ठेवला. बाहेर आलो तर त्या कपाटासमोर उभ्या होत्या. आपल्या मुलीचं कपाट त्यांनी ओळखलं होतं. चेन उघडून त्या पानं वरखाली करून बघत होत्या.

"याले कळी काऊन नाई?" त्या म्हणाल्या. "धुऱ्यावर असता त आतापर्यंत लदला असता."

"मी काई कमी नाई केलं, मामी," मी म्हटलं. "खत देल्लं, पानी देल्लं. लाइट त एक मिनिट जाऊ नाई देल्ली."

"रातच्याले बी?"

"रातच्याले बी. इन्व्हर्टरवर हाय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, पण मला ते पाहणं सहन झालं नाही. "मंग याले रात कुठी हाय, जवाईबुवा? वालाले रात लागते. रात मोठी होऊन राह्यली का त्याले समजते, का आता फुलाचं हाय. तुमी त याचा दिवस बुडूच नाई देल्ला." मग म्हणाल्या, "पोलाखालची तूर पाह्यली नाई का तुमी कधी? सारं वावर फुलते अन् पोलाखालची हिरवीच राह्यते."

पाहिली होती. पाहून हसलो होतो. नोकरीत असताना एका गावाच्या कडेला मी रस्त्यावरचा दिवा लावला होता. लोकांनी हार घातला, नारळ फोडला. पुढच्या हिवाळ्यात तिथला एक शेतकरी ऑफिसात आला आणि म्हणाला, तुमच्या लाइटानं माझी तूर फुलत नाही, तो दिवा काढा. मी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं, "उजेडानं का पीक मरते, बावा? काल पिऊन झोपला होता का?" तो उठून गेला. हा किस्सा मी कित्येक वर्षं चहाच्या टपरीवर रंगवून सांगितला. घरीही सांगितला होता. बायको तेव्हा पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "खरं सांगते तो मानूस." मी म्हटलं, "तुले काय समजते लाइटीतलं?" तिनं पुढची पोळी लाटायला घेतली. मामींच्या समोर उभं राहून मला हे सगळं आठवलं आणि मान वर करता येईना. त्या शेतकऱ्याचा चेहराही मला आठवत नव्हता.

"दिवस बुडाला का बंद करजा," मामी म्हणाल्या. "सकाळी निंगाला का लावजा." मग आम्ही चहा घेतला. करंजी त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या ताटलीत ठेवली.

त्या संध्याकाळी मी दिवा बंद केला. चेनीच्या फटीतून आणि पंख्याच्या भोकातून खोलीतला उजेड आत जायचा, म्हणून खोलीतलीही ट्यूब बंद ठेवावी लागायची. थंडीचे दिवस, सहालाच काळोख. मी जेवण स्वयंपाकघरात करायचो आणि मग येऊन समोरच्या खोलीत नुसता बसायचो. खाट होती तो कोपरा अंधारात तसाच दिसायचा, खाट असल्यासारखा. ती गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. तेरा दिवसांत वातीकडं बघत होतो, नंतर सोल्डरकडं. आता बघायला काही नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी मी तिथं बसून मोठ्यानं रडलो, आणि खालच्या भाडेकरूला ऐकू गेलं असेल तर जाऊ दे, असं ठरवून रडलो.

महिना होऊन गेला. मोठी पानं पिवळी पडून गळायला लागली. एक वेल बुडापासून सुकला, का ते मला अजून कळलेलं नाही. राहिला एक. रोज सकाळी दिवा लावताना मी त्याच्या शेंड्यांवरून बोट फिरवायचो आणि बोटाला काही लागायचं नाही. हाही गेला असं मी मनाशी मान्य करत आणलं होतं. मग एका सकाळी पानाच्या बेचक्यात एक दांडी उभी दिसली. तिच्यावर कळ्या होत्या, आणि सर्वांत खालची उघडली होती.

मी मामींना फोन लावला. त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून ओरडूनच सांगितलं, "मामी, फूल आलं!"

"कोन्या रंगाचं?"

"जांभळं."

रंग सांगितला आणि एक शंका आली. मला धडकी भरली. मधल्या काळात डब्यात दुसरं कुठलं बी मिसळलं असेल तर? कुणा शेजारणीनं दिलेलं? मी विचारलं, "मामी, जांभळंच होतं ना तिच्या वालाचं फूल? हे तिचंच हाय ना?"

"जवाईबुवा," त्या म्हणाल्या, "एवढे वर्सं तुमच्याच दारात फुललं ना ते?"

"हो."

"मंग?"

खोटं बोलता आलं असतं, पण बोलावंसं वाटलं नाही. ती दर वर्षी बोलवायची, फुलं आले, पाह्यले चाला ना म्हणून. मी बूट घालत असायचो, नाही तर काढत असायचो. शेंगा सोलायलाही तिच्याजवळ कधी बसलो नाही. ताटात आलेलं तेवढं खाल्लं.

"मी कधी पाह्यलं नाई, मामी," मी म्हटलं.

त्या रडत होत्या की नुसत्या श्वास घेत होत्या ते फोनवर समजत नव्हतं.

"तिचंच हाय," त्या म्हणाल्या. "पाहा मंग आता."