आठ भागिले दोन, आणि पुढे कंस

माझं डोकं पटकन तापतं, हे आधीच सांगून टाकते. तलासरीकडे एका पाड्यावरच्या शाळेत मी गणित शिकवते, राहते कासाला आणि माहेर वरोरचं. माहेरचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात चुलत, मावस, आते मिळून इतकी माणसं आहेत की कुणाचा वाढदिवस नाही असा आठवडा जात नाही. दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी माझ्या पुतणीने त्यात कोडं टाकलं. ८ ÷ २(१ + ३) = ? खाली आगीची चित्रं आणि 'फक्त हुशारांसाठी'.

मी भाजी निवडत होते. एका हाताने लिहिलं, सोळा. माझ्या मते विषय संपला होता. गणिताच्या बाईंनी उत्तर दिल्यावर आणखी काय उरतं? पण पाच मिनिटांत दादाचं उत्तर आलं, एक.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, त्या पुतणीचा बाप. त्याची होडी आहे. होडीवर वडिलांचा हात जायबंदी झाला तेव्हा त्याची शाळा सातवीत सुटली आणि तो समुद्रावर जायला लागला. मी तेव्हा चौथीत होते.

मी वर्गात सांगते तसं सगळं लिहिलं. आधी कंस, एक अधिक तीन चार. मग डावीकडून, आठ भागिले दोन चार, आणि चार चोक सोळा. दादाने लिहिलं, 'कंसाला चिकटलेला दोन आधी. बे चोक आठ, आठ भागिले आठ एक.' झालं, ग्रुपला ऊत आला. आत्या माझ्या बाजूने, मावसभाऊ त्याच्या बाजूने, आणि उंबरगावला दिलेल्या चुलत बहिणीने गुजरातीत आम्हा दोघांनाही वेड्यात काढलं. एकाने कॅल्क्युलेटरचा फोटो टाकला, दुसऱ्याने दुसऱ्या कॅल्क्युलेटरचा, तर त्या दोघांचीही उत्तरं वेगळी!

दादा काही मागे हटेना. 'बाय, नीट बघ,' असं त्याने तीनदा लिहिलं. तिसऱ्यांदा माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी लिहिलं, 'सातवीत शाळा सोडलेल्यांनी गणितात तोंड घालू नये.' आणि पाठवूनही दिलं, सगळ्या भावकीसमोर. मग खाली बारीक अक्षरांत ओळ उमटली, दादा ग्रुपमधून बाहेर पडला.

मला तेव्हाच वाईट वाटलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला वाटलं, हरला आणि पळाला. उरलेली भाजी मी गुणगुणत निवडली.

दर शनिवारी दादा डहाणूहून येणाऱ्या जीपवाल्याच्या हाती माझ्यासाठी मासळी पाठवतो. कधी ताजी, कधी सुकी, पण पिशवी चुकत नाही. त्या शनिवारी मी नाक्यावर उभी राहिले तर जीपवाल्याने लांबूनच मान हलवली. 'ताई, आज काय नाय.' पुढच्या शनिवारीही नाही. फोन केला की वहिनी उचलायची आणि 'ते किनाऱ्यावर आहेत' म्हणायची. चार शनिवार असे गेले. आई-वडील गेल्यापासून माहेर म्हणून मला हा एकच माणूस उरलाय. तो गेला तर वरोर म्हणजे नुसतं बसथांब्याचं नाव.

पाचव्या शनिवारी मी उलट्या दिशेच्या जीपमध्ये बसले. पिशवीत मात्र पाठ्यपुस्तक घेतलं. माफी मागायची, पण आधी नियम दाखवून! असली मी.

दादा आणि वहिनी बोंबील सुकत घालत होते. आमच्याकडे एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात, एक इकडे लोंबतो, एक तिकडे. दादाने वर न बघता 'आलीस? बस,' म्हटलं. बसून करणार काय? मीही पदर खोचला आणि अडकवायला लागले. थोड्या वेळाने वहिनी चहा करायला घरात गेली. मी हात पुसून पुस्तक काढलं.

दादाने पुस्तकाला हात लावला नाही. टोपलीवरची एक जोडी उचलून माझ्यासमोर धरली. 'हे किती?'

'दोन.'

'दोन काय दोन! इथे असं कोण मोजतं? दोरीवर किती विचारलं तर आपण जोड्या सांगतो. अडकवलेलं सोडवून कोण मोजत नाय. तुझ्या त्या दोनाच्या आणि कंसाच्या मधे खूण आहे का? नाय. म्हणजे अडकवलेलं.'

'दादा, गणितात असं चालत नाही. तिथे नियम असतो.'

'कुठला?'

'कंचेभागुबेव.' मी पोरांना म्हणून दाखवते तसं म्हटलं. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी.

'चे भागाकाराच्या आधी की नंतर?'

'आधी.'

'मग चाराचे दुप्पट आधी कर की!'

माझ्याकडे याला उत्तर होतं. संध्याकाळपर्यंत वाद घालता आला असता. पण त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, 'हे कंचेभागुबेव तुला कुणी शिकवलं, आठवतं?'

मी 'शाळेत' म्हणणार होते, आणि तोंडातच राहिलं. कारण ते मला तिथे शिकवलंच नव्हतं. वडील हाताला पट्टी बांधून घरात पडलेले, आणि दादाची शाळा सुटली त्याच आठवड्यात आम्ही दोघं याच दोरीपाशी बोंबील अडकवत होतो. ओहोटी होती. ओल्या वाळूत काठीने त्याने कंस काढून दाखवले होते. मग लक्षात राहावं म्हणून एकेका जोडीला एकेक अक्षर. कं, एक जोडी. चे, दुसरी. शेवटी सातवीचं गणिताचं पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाला होता, 'मला आता लागणार नाय. तू घे.'

दरवर्षी नव्या पोरांना मी तेच शिकवते. आणि त्याच्यावरच ते उगारलं. मला रडू फुटलं, बोंबलाचे हात तसेच डोळ्यांना लागले आणि डोळे चुरचुरले.

'दादा, चुकलं माझं.'

'उत्तर की बोलणं?'

'बोलणं. उत्तराचं नंतर बघू.'

तो हसला. खरं तर कोडं लिहिणाऱ्यानेच आणखी एक कंस घालायला हवा होता, मग भांडणच झालं नसतं. हे मला पहिल्या दिवशीही कळत होतं. पण कळण्याच्या आधी मला जिंकायचं होतं.

तिथेच उभी राहून मी पुतणीला सांगितलं, बापाला ग्रुपमध्ये परत घे. मग ग्रुपवर लिहिलं, 'मला गणित दादाने शिकवलं. त्याची शाळा सुटली त्या आठवड्यात, स्वतःचं पुस्तक देऊन.' दादाचा फोन वाजला. त्याने ओला अंगठा लुंगीला पुसला, वाचलं, फोन खिशात ठेवला.

मग टोपलीतून दोन बोंबील उचलले, अडकवले. 'कं,' तो म्हणाला आणि जोडी दोरीवर टाकली.

मी पुढची उचलली.