डाव्या कुशीवर, दहा लाथा

आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे. भांडण असो, लाडीगोडी असो, की नवऱ्याने बायकोला विचारलेला खाजगी प्रश्न असो, सगळं ओरडून. घराच्या मागच्या भिंतीला लागूनच आमचा बारा मागांचा कारखाना होता आणि शुक्रवार सोडला तर त्याच्या खडखडाटाला खंड नव्हता. शुक्रवारी सगळ्या भिवंडीचे माग बंद. त्या दिवशी गल्ली इतकी शांत व्हायची, की आपण एकमेकांवर विनाकारण खेकसतोय हे कळून आमची आम्हालाच लाज वाटायची.

मी जवळच्याच कोन गावची. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि कारखाना सासूबाई बघत होत्या. लुगडं खोचून त्या मागांमधून फिरायच्या आणि कुठल्या मागाचं काय बिनसलंय ते तळपायाला येणाऱ्या हादऱ्यावरून ओळखायच्या. कानावर विसंबण्याची सोय नव्हती. त्या आवाजात वीस वर्षं काढल्यामुळे त्यांना निम्मं ऐकू येत नसे, आणि उरलेलं निम्मं त्या ऐकत नसत.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. त्याआधी दोन दिवस ते हललं नव्हतं आणि मी कुणापाशी बोलले नाही. दिवस भरत आले की पोटात जागा कमी पडते, मग बाळ गप्प होतं, असं मी कुठेतरी ऐकून ठेवलं होतं. ते साफ खोटं आहे. आजही भेटेल त्या गरोदर बाईला मी हे सांगते, ओळख असो वा नसो. एकदा तर लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्या बाईला थांबवून सांगितलं होतं.

त्यामुळे या वेळी माझ्या डोक्यात दिवसभर एकच घोळत असायचं : हलतंय ना? उठले की पोटावर हात, जेवताना एक हात पोटावर, भाकरी थापताना तर दोन्ही हात पिठात म्हणून जीव टांगणीला. आठवा लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझी दया येऊन एक कागद दिला. त्या नुकत्याच शिकून आलेल्या, लग्न न झालेल्या, चष्मेवाल्या. गाडी सुटत असल्यासारख्या घाईने बोलायच्या. "जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं. लाथा मोजायच्या. दहा झाल्या की उठायचं. दोन तासांत दहा झाल्या नाहीत, तर काही विचार न करता तडक इकडे यायचं. रात्र नाही, पाहुणे नाहीत, काही नाही. समजलं?"

"काय म्हंते ती?" सासूबाईंनी मला विचारलं.

"लाथा मोजायच्या!" मी ओरडले. बाहेर बसलेल्या सगळ्या बायका आत डोकावल्या.

कागदावर रेघा मारायच्या होत्या. पण सासूबाईंचा कागदावर भरवसा नव्हता. त्यांनी दोन वाट्या आणल्या आणि एकीत कडवे वाल घातले. लाथ बसली की एक वाल या वाटीतून त्या वाटीत. तपासणी शुक्रवारची होती, म्हणून मोजणी शनिवारपासून सुरू झाली. मी जेवून खोलीत गेले, डाव्या कुशीवर वळले. खाट मागच्या भिंतीला चिकटून होती, त्यामुळे तोंड भिंतीकडे झालं आणि पोट भिंतीला टेकलं.

आणि काय सांगू! पाच मिनिटांत दहा. मी म्हटलं, चुकलं असेल, म्हणून पुन्हा मोजले. पुन्हा दहा. अर्ध्या तासात वाटीतले वाल संपले आणि सासूबाई आणखी मूठभर घेऊन आल्या. रविवारी तेच, सोमवारी तेच. नवरा संध्याकाळी आल्या आल्या "आज किती?" विचारायचा आणि आकडा ऐकून मिशीवरून हात फिरवायचा. जसं काही लाथा तोच मारत होता. सासूबाईंनी गल्लीत सांगून टाकलं, पैलवान येतोय. मी तर हवेतच होते. त्या आठवड्यात मी कधी नव्हे ते गाणं म्हटलं, कारखान्याच्या आवाजावर मात करत म्हटलं, आणि मोजलेल्या वालांचं बिरडं दोनदा चापलं.

मग आला शुक्रवार. मी जेवून आडवी झाले. वाट्या समोर. पंखा फिरत होता, कुठेतरी कुणी भांडी घासत होतं. एक लाथ बसली, बारीकशी. एक वाल टाकला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरी. मग काहीच नाही.

मी किंचाळले ती अशी, की सासूबाईंनाही पहिल्याच हाकेत ऐकू आलं. नवऱ्याने सुताच्या गोण्या तशाच ठेवून टेम्पो काढला आणि मी गोण्यांच्या मध्ये बसून सगळ्या वाटेने पोटाला शिव्या देत आणि विनवण्या करत गेले. डॉक्टरीणबाई जेवत होत्या. डाव्या हाताने त्यांनी पोटावर ते कर्ण्यासारखं नळकांडं ठेवलं, उजवा तसाच खरकटा वर धरलेला, आणि कान लावला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तोंडातला घासही गिळायचा राहिला होता.

"मस्त आहे," त्या म्हणाल्या. "छान चाललेत ठोके."

सासूबाईंनी त्यांना बाजूला सारून स्वतः कान लावला. "काय बी न्हाय!" त्या ओरडल्या. "मना काय बी आयकू येत न्हाय! खोटा बोलते ही!" आणि मटकन खाली बसल्या. त्यांना ऐकू येणार कसं? डॉक्टरीणबाईंनी शेवटी त्यांना उठवलं आणि त्यांचा हात धरून माझ्या पोटावर ठेवला. त्या हाताखाली बाळ सावकाश एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळलं. सासूबाईंनी हात काढलाच नाही. बराच वेळ त्या तशाच वाकून उभ्या होत्या.

मग डॉक्टरीणबाईंनी माझा आठवड्याचा हिशोब पाहिला आणि चष्मा काढून पुसला. पाच मिनिटांत दहा लाथा मारणारं बाळ त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्वतः आमच्या घरी आल्या. कारखाना चालू होता. त्यांनी चपला काढल्या, माझ्या खाटेवर चढल्या, डाव्या कुशीवर वळल्या आणि पोट भिंतीला टेकवलं. आम्ही दोघी वाट्या धरून उभ्या.

थोड्या वेळाने त्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "मलाही लाथा मारतंय."

भिंतीपलीकडे एक जुना माग होता. तो अधूनमधून दणका द्यायचा आणि तो दणका भिंतीतून सरळ पोटात उतरायचा. आठवडाभर मी त्या मागाचे वाल मोजत होते. डॉक्टरीणबाई उठून बसल्या तेव्हा त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत, तर त्या हसत होत्या. मग मीही सुटले. सासूबाईंना काय झालं ते ओरडून सांगितलं, तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. "पोरी, तुना पन दिवस गेलं गो," असं त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. त्या बिचाऱ्या लाजून लाल झाल्या.

पण हसून संपल्यावर प्रश्न उरलाच. मोजायचं कुठे? खाट भिंतीपासून सरकवून उपयोग नव्हता, पुढच्या खोलीत सुताच्या गोण्या, आणि घराची जमीन सगळीकडेच थरथरायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज दुपारी माझ्याकडे येऊन पडा. सासूबाईंना ते पसंत नव्हतं. त्या उठल्या, मागच्या दाराने कारखान्यात गेल्या आणि आम्ही बघत होतो तोवर एकेक माग थांबत गेला. "रोज तीन वाजता बंद," त्यांनी कारागिरांना सांगितलं. "हिच्या धा लाथा झाल्या का चालू."

संध्याकाळी नवऱ्याने नुकसानीचा हिशोब काढायला वही उघडली. आईने ती मिटली.

त्या दिवसापासून रोज तीनला कारखाना गप्प. कारागीर अंगणात बिड्या ओढत बसायचे आणि दर दोन मिनिटांनी विचारायचे, "अम्मा, कितना हुआ?" सासूबाई दारात उभ्या राहून आकडे पुकारायच्या. "सात झालं! आठ!" दहाला टाळ्या पडायच्या. मी आत पडल्या पडल्या लाजेने मरायचे आणि मनातून मला ते भयंकर आवडायचं. एवढ्या माणसांनी ज्याची वाट बघावी असं दुसरं कुणी त्या गल्लीत नव्हतं.

आठवडाभरात शेजारच्या कोकणी मुसलमान घरातली सून दारात आली. तिला सातवा होता आणि तिच्याही घरामागे माग होते. पाठोपाठ आमच्या एका आंध्रातल्या कारागिराची बायको आली. आम्ही तिघी एका रांगेत, डाव्या कुशीवर, एकीची पाठ दुसरीच्या तोंडाशी. मी खाटेवर, त्या सतरंजीवर. शेजारीण म्हणायची, "माझा तर आतून दार ठोठावतो गो." आंध्रातलीला ते कळायचं नाही, पण आम्ही हसलो की तीही हसायची. आणि एकीला हसू आलं की तिघींची पोटं हलायची, मग लाथ कुठली आणि हसू कुठलं यावरून वाद, मग वाल परत करायचे आणि पहिल्यापासून मोजायचं. सासूबाई आत येऊन दटावायच्या, की बाहेर बारा माग खोळंबलेत आणि तुमचं काय चाललंय. त्या गेल्या की आम्ही उशीत तोंड खुपसायचो.

नववा लागून आठ-दहा दिवस झाले असतील. त्या दिवशी शेजारणीचे दहा झाले. आंध्रातलीचे झाले. माझ्या वाटीत तीन वाल होते. त्या दोघी उठल्या नाहीत. आधी थोडं हसत होत्या, मग माझ्या वाटीकडे बघत राहिल्या. बाहेरून कुणीतरी "अम्मा, कितना?" विचारलं, तेव्हा सासूबाई दार सोडून आत आल्या. त्या खाटेपाशी येऊन बसल्या आणि हात ठेवला. चौथा वाल पडला नाही. कागदावर दोन तास थांबा असं होतं. सासूबाई तासाभरातच उठल्या.

डॉक्टरीणबाईंनी कान लावला आणि नर्सला ऑपरेशनच्या खोलीकडे बोट दाखवलं. मग मला म्हणाल्या, "ठोके मंदावलेत. आत्ताच सिझर करायचं." मी विचारलं, "आहे ना?" त्या म्हणाल्या, "आहे. म्हणूनच घाई आहे." मी अजून सही करत होते तोवर त्यांनी हात धुवायला घेतले होते.

पोटातलं पाणी जवळजवळ संपलं होतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलो असतो तर सांगता येत नाही, म्हणाल्या. पण ते नंतर.

पहिल्या वेळी मला बाळ दाखवलं नव्हतं. मनाला लावून घेईल म्हणून मी शुद्धीवर यायच्या आत सगळं उरकलं होतं, आणि ते काळं होतं की गोरं, केस होते की नव्हते, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. मी कधी विचारलंही नाही.

या वेळी भूल पुरती उतरलीही नव्हती तोच सासूबाई गाठोडं घेऊन माझ्या तोंडावर वाकल्या. नर्स म्हणत होती, आजी, नंतर, त्यांना झोपू द्या, बाळाला गारठा लागेल. सासूबाईंना ते ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी दुपटं सोडलं. मुलगी होती. लालभडक, ओली, डोक्यावर पुष्कळ केस. सासूबाईंनी तिचे कान दाखवले, हाताची बोटं एकेक उलगडून दाखवली, उताणी केली, पालथी केली, पाठीवरची लव दाखवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या नेहमीसारख्याच ओरडत होत्या.

"बघ," त्या म्हणाल्या. "सगली बघून घे गो. नीट बघ."