दौंडचा पहिला तोडा

विद्यापीठाची गाडी तिसऱ्यांदा नाकारली गेली तेव्हा ठरवलं, आता एसटीनेच जायचं. दोन दिवस, कोरेगाव भीमा, शिरूर, दौंड, आणि परत येताना रेल्वे. फिरायला म्हणून या वाटेने कुणी जात नाही, तुम्हीही जाऊ नका असं म्हणेन. गेलातच, तर माझ्यासारखं तीन महिने उशिरा जाऊ नका.

मी विद्यापीठाच्या विस्तार विभागात काम करते. शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या वस्त्यांमध्ये जाऊन आहाराबद्दल बोलायचं आणि गॅलरीत, गच्चीवर, दारात भाजी लावायला शिकवायचं, असा आमचा उपक्रम. ऑक्टोबर संपता संपता या तिन्ही ठिकाणी शिबिरं घेतली, मातीच्या पिशव्या आणि बियाणं वाटलं, आणि "महिन्याभरात बघायला येते" असं सांगून आले. तो महिना फेब्रुवारीच्या शेवटी उजाडला. मध्ये परीक्षा आल्या, पदवीदान आलं, एक समिती आली. कारणं सगळी खरी होती.

अहवाल द्यायचा होता हे निमित्त. मला बघायची होती दौंडची अश्विनी. नववीतली मुलगी, पोलीस भरतीत जायचं म्हणून रोज पहाटे पळणारी, आणि मैदानावर दोनदा चक्कर येऊन पडलेली. शिबिरात तिच्या आईने, संगीताने, तिला हाताला धरून पुढे आणलं होतं. "हिच्या अंगात रक्तच न्हाई, मॅडम." मी तिची पांढरी नखं बघितली आणि छाती ठोकून सांगितलं, "दारातल्या भाजीसारखं औषध नाही. रोज पालक खाऊ दे, तीन महिन्यांत पळायला लागेल." टाळ्या पडल्या होत्या. मला टाळ्या आवडतात.

नगर रस्त्यावर वाघोलीपासूनच गाडी मुंगीच्या पावलाने चालते, तेव्हा सकाळी सातच्या आत निघा. बायकांना अर्धं तिकीट आहे. कोरेगाव भीमाला उतरून कारखान्यांच्या बाजूला चालत गेलं की भाड्याच्या खोल्यांच्या रांगा लागतात. तिथे रिंकू भेटली. बिहारची, नवरा कारखान्यात. शिबिरात सगळ्यात जास्त प्रश्न तिने विचारले होते.

"मैडम, मालिक बोला दीवार में सीलन आ जाएगी. मिट्टी फेंकवा दिया." भिंतीला ओल धरेल, अशी मालकाची भीती. मग मला वाईट वाटू नये म्हणून ती घाईने म्हणाली, "पर बैग बहुत मजबूत है!" तीनही पिशव्या भिंतीला टांगल्या होत्या. एकीत कांदे, एकीत चपला, एकीत धाकट्याचे कपडे. मी फोटो काढला. अहवालात काय लिहायचं ते सुचेना, म्हणून चहा पिऊन निघाले.

शिरूरला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. स्टँडच्या बाहेर मिसळ खाल्ली. तिखट आहे, पण पाव ताजे होते. आमची गच्चीवरची बाग स्टँडपासून दहा मिनिटांवर, एका बचत गटाच्या जागेवर. गटाच्या मंदाताई मला वर घेऊन गेल्या. वीस पिशव्या एका ओळीत नीट मांडलेल्या, आणि त्यांत वांग्याच्या वाळक्या काड्या.

"मॅडम, नळाला चार दिसाआड पानी," त्या म्हणाल्या. "प्यायला पुरवू का वांग्याला पाजू?"

भांडी धुतलेलं पाणी घाला, हे मी शिबिरात शिकवलं होतं. तेच पुन्हा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की बाई, तू घरी भांडी घासतेस का? घासत नाही. मावशी येतात.  त्या रात्री लॉजवर अहवालाचा कागद काढला आणि परत ठेवला. दौंडला तरी काहीतरी हिरवं असेल असं स्वतःला सांगत झोपले.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम आडवाटेने गेले. शिरूरहून न्हावरा, तिथून जीपने वडगाव रासाईकडे. उसाच्या ट्रॉल्यांमागे जीप अडकते, त्यामुळे तासाला दोन तास धरून चला. भीमेच्या काठाला लागलं की डोळे निवतात. ऊस, कांदा, मेथी, नजर जाईल तिथवर हिरवं. जीपमध्ये शेजारी एक आप्पा मेथीच्या जुड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते.

"कुठं निघालात?" त्यांनी विचारलं.

"दौंडला. तिथल्या बायकांना भाजी लावायला शिकवते."

"पुन्याच्या बाया आमच्याकडं भाजी शिकवत्यात व्हय?" अख्खी जीप हसली. मीही हसले.

"ही मेथी घरी खाता का आप्पा?"

"आमी? आमी बटाटा खातो. मेथी पुन्याला जाती."

मग पूल ओलांडला की दौंड तालुका. दौंड स्टेशनजवळ उसाचा रस प्या, आलं-लिंबू घालून देतात. मी दोन ग्लास प्यायले. मन का कोण जाणे हलकं झालं होतं.

संगीताचं घर रुळांच्या पलीकडच्या वस्तीत. घरात ती, नवरा, अश्विनी आणि सासरे. आबा पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचे, पाय थकल्यावर मुलाकडे येऊन राहिले. लांबूनच पाहिलं, दारात माझ्या सहाही पिशव्या होत्या. माती ओली होती. पण वर काही नव्हतं, नुसती कापलेली बुडखं.

संगीता धावतच बाहेर आली. "आला एकदाच्या! तुमचा निरोप आल्ता म्हणून आज सकाळीच कापली." मागून आबा आले. त्यांच्या हातात सुतळीने बांधलेली भली मोठी जुडी, पालक आणि मेथी, वर नारळ. पालकाला तुरे आले होते. मेथीला शेंगा धरल्या होत्या.

"घ्या," आबा म्हणाले. "पयला तोडा."

मला काही कळेना. "पहिला? अहो, बी पेरून चार महिने झाले. डिसेंबरातच खायला आली असेल ना?"

"आल्ती की," संगीता म्हणाली. "पर तुमीच म्हणला व्हता."

आणि मग मला आठवलं. शिबिरात आबांनी विचारलं होतं, "बी कुनाचं?" मी हसत म्हणाले होते, "माझंच समजा आबा. पहिली भाजी मला खायला घाला बरं का!" तेव्हाही लोक हसले होते. आबा हसले नव्हते.

"आमच्यात ज्याचं बी, त्याच्या तोंडाला पयला तोडा," आता त्यांनी शांतपणे सांगितलं. "त्याबिगर घरात पान शिजत न्हाई. तुमी येतो म्हणला. दर म्हैन्याला ही म्हनायची, येतील आता."

"मग फोन करायचा ना गं!"

"केल्ता की दोनदा. तुमी म्हणला, पुढच्या म्हैन्यात नक्की."

म्हणाले होते. मीटिंगमधून, दबक्या आवाजात.

"बाजारातून आणायचीत मग पालेभाजी."

"दारात यवढी भाजी असताना इकत कोन आनील, मॅडम? शेजारी नावं ठेवत्याल."

अश्विनी आत भिंतीला टेकून बसली होती. उठली नाही, तेवढंही दमवत असावं. ओठ नखांसारखेच पांढरे. संगीताने पत्र्याच्या डब्यातून तपासणीचा कागद काढून दाखवला. दिवाळीला होतं त्याहूनही रक्त कमी झालं होतं.

"शाळेतून लोहाच्या गोळ्या मिळत होत्या ना हिला?"

"त्यानं मळमळायचं. तुमी म्हणला भाजीसारखं औषध न्हाई. मग गोळ्या बंदच केल्या."

मी ओट्यावर बसले. मला रडू आलं आणि लाजही वाटली, कारण संगीता आणि आबा माझ्यासाठीच पाणी आणायला धावले. गोळ्या माझ्या एका वाक्याने बंद झाल्या. भाजी दुसऱ्या वाक्याने शिवायची नाही असं ठरलं. बाजारातली भाजी माझ्या पिशव्यांमुळे थांबली. मी आलेच नसते तर ही पोरगी आज याहून बरी असती.

मग जे चार महिन्यांपूर्वी नीट सांगायला हवं होतं ते सांगितलं. गोळ्या आजपासून पुन्हा चालू, मळमळत असेल तर जेवणानंतर घे, आणि उद्याच्या उद्या दवाखान्यात जा. एकट्या भाजीने एवढं रक्त भरून येत नाही. संगीता मान हलवत होती. शिबिरातही अशीच हलवत होती.

"पळतेस का अजून?" मी अश्विनीला विचारलं.

"मैदानावर जाते. बसून बघते," ती म्हणाली.

निघताना जुडी पुढे केली. "आबा, माझी शपथ आहे, ही तिलाच शिजवून घाला."

"दिल्यालं परत घेत न्हाईत," आबा म्हणाले. ते रागावले नव्हते. त्यांनी चार महिने शब्द पाळला होता आणि आज ते मोकळे झाले होते. इथे अडून बसून त्यांना कमीपणा आणायचा माझा काय अधिकार? मी जुडी घेतली.

दौंडहून पुण्याला गाड्या भरपूर आहेत, पण दुपारच्या गाडीला जागा मिळेल याची खात्री नाही. मी दारापाशी उभी होते. हडपसरपर्यंत पालक मान टाकून बसला होता. पिशवीतून अहवालाचा कागद काढला. दौंडच्या रकान्यात "लागवड यशस्वी" वर खूण करता येत होती. तीन गावांत एवढीच एक. खाली प्रश्न होता, "उत्पादनाचा लाभ कुटुंबातील कोणास झाला?" तो कोरा ठेवला.

घरी येऊन भाजी निवडली. निम्मी देठंच निघाली. लसूण घालून परतली, तरी कडू आणि चरबट लागत होती. नवऱ्याने एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं. "निबर आहे गं. टाकून दे." मी उरलेली सगळी खाल्ली. रडत नव्हते, नुसती चावत होते.

आठच्या सुमाराला संगीताचा फोन आला.

"मॅडम, भाजी खाल्ली का? आबा इचारत्यात."

"खाल्ली."

"गोड लागली?"

"हो. खूप गोड."

तिने आत ओरडून सांगितलं. आबा काहीतरी म्हणाले, ती हसली. "मग आता आमाला मोकळीक. आता अश्विनीला घालते."

काय घालणार होती? पिशव्यांत बुडखं होती आणि बाहेर मार्चचं ऊन यायला लागलं होतं. मी म्हटलं, घाल. आणि गोळी दिलीस का? "व्हय, देती की," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मग कागद पुढे ओढला आणि त्या कोऱ्या रकान्यात माझं नाव लिहिलं.